बारा अंशांची हुडहुडी

बीरगांवात हिवाळा आला की नाही, हे पारा सांगत नाही, माकडटोपी सांगते. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात कुठल्याशा सकाळी चहाच्या टपरीवर पहिली माकडटोपी उगवते. आत कोण आहे, हे चहासाठी तोंड उघडेपर्यंत कळत नाही. दुसऱ्या दिवशी तशा चार असतात आणि आठवड्याभरात अख्खी टपरी टोपीत जाते. बाहेर सोळा अंश असले तरी बेहत्तर. एकदा चढलेली टोपी होळीआधी उतरवणं म्हणजे घरातल्या बायकांशी वाद ओढवून घेणं.

रायपूरला खेटून, बिलासपूर रस्त्यावरचं हे गाव. आता गाव म्हणायचं ते नावापुरतं, कारण त्याला स्वतःची महानगरपालिका आहे, चाळीस वॉर्ड आहेत आणि एका अंगाला उरला व पुढे सिलतरा या औद्योगिक वसाहती आहेत. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिल, लोखंडाच्या गाड्या, त्यांच्यामागून उडणारी धूळ. या सगळ्या भागात मराठी घरं नवी नाहीत. छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि १९५६ पर्यंत रायपूरची राजधानीही नागपूरच होती. त्यामुळे ‘काय थंडी आहे बाप्पा!’ हे वाक्य इथे कुणालाही परकं वाटत नाही.

आता या थंडीचा हिशेब. डिसेंबर-जानेवारीत रायपूरचं सरासरी किमान तापमान तेरा अंशांच्या आसपास असतं. मैदानी भागात पारा दहा किंवा त्याखाली उतरल्याशिवाय हवामान खातं थंडीच्या लाटेचा विचारही करत नाही. उत्तर छत्तीसगडात अंबिकापूर, मैनपाटकडे गवतावर दवाचा बर्फ होतो, त्याचे फोटो बीरगांवातल्या मोबाइलवर फिरतात आणि ते पाहूनच इथल्यांना दुसरं स्वेटर लागतं. पण न्यायानं बोलायचं तर हे कुडकुडणं ढोंग नव्हे. हीच माणसं मे महिन्यात ४५ अंशांत बाजारहाट करतात. जे शरीर भाजून निघण्याला सरावलेलं असतं, त्याला पहाटेचे अकरा अंश खरोखरच बोचतात. ढोंग असलंच तर ते व्यायामाच्या बाबतीत आहे.

त्याआधी नागपूरच्या फोनचा विषय संपवायला हवा. थंडी पडली की नातेवाईक तब्येत विचारत नाहीत, तापमान विचारतात. ‘तुमच्याकडे किती?’ इकडून ‘बारा’ असं उत्तर गेलं की पलीकडे क्षणभर शांतता आणि मग एक समाधानी ‘अच्छा’. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर उतरला होता. तो आपणच हातानं उतरवला असावा, अशा थाटात हा आकडा तिथल्या घरांत अजून सांगितला जातो. नाशिकचे पाहुणे असले तर निफाडची थंडी काढतात. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत मानानं छापून येतो. बीरगांवकर या स्पर्धेत हरतो. हरला तरी ‘पण आमच्याकडे वारं बोचरं असतं जी’ एवढं बोलूनच फोन ठेवतो.

तर व्यायाम. हिवाळा हा कसरतीचा ऋतू, ही आपली जुनी समजूत आणि तिला आधारही भक्कम. वाग्भटानं ‘अष्टांगहृदया’त सांगून ठेवलं आहे की बलवान आणि स्निग्ध खाणाऱ्या माणसानं थंडीत व वसंतात आपल्या निम्म्या शक्तीइतका व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी. एका वाक्यात इतका समतोल सल्ला आणि त्याची घरोघरी झालेली वाटणी बघा: स्निग्ध खाण्याचा भाग सगळ्यांनी उचलला. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, तिळाचे लाडू, गरम भज्या. ‘निम्मी शक्ती’ हे शब्दही लक्षात राहिले, कारण ते सोयीचे होते. मधला व्यायाम तेवढा गळला.

ज्यांच्या हातून तो गळला नाही, ते पहाटे उठतात. इथे मराठी घराची एक श्रद्धा आड येते. पहाट म्हणजे शुद्ध हवा. पाचला उठणारा सज्जन, सातला उठणारा संशयित आणि नऊला उठणाऱ्याबद्दल बोलूच नये. मिलमधून निवृत्त झालेले एखादे काका या श्रद्धेला जागून साडेपाचला बाहेर पडतात. पायात बूट, अंगात दोन स्वेटर, वर शाल, तिच्यावर मफलर, टोपी आधीच आलेली. एवढं चढवायलाच वीस मिनिटं लागतात आणि त्यात वाकणं, ताणणं, एका पायावर उभं राहणं हे सगळं होऊन जातं. खरं तर व्यायाम तिथेच संपला असं धरायला हरकत नाही, पण काका तरीही निघतात.

बाहेर त्यांना दिसतं ते धुकं. ‘क्या बात है, हिल स्टेशन!’ असं त्यांचे बिहारी शेजारी म्हणतात. त्या धुक्यात पाणी किती आणि धूर किती, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर गार पडते आणि तिला टेकलेली हवाही गार होते. वरची हवा तुलनेनं उबदार राहते आणि पातेल्यावर झाकण बसावं तशी बसते. चिमण्यांचा, ट्रकचा, चुलींचा, चौकात जाळलेल्या टायरचा धूर त्या झाकणाखाली अडकून आडवा पसरतो. सूर्य वर येऊन जमीन तापली की झाकण उघडतं, तोवर साधारण नऊ-दहा वाजतात. म्हणजे काका ज्या शुद्ध हवेसाठी झोपमोड करतात, ती हवा ते घरी येऊन आंघोळ उरकून पेपर उघडतात तेव्हा कुठे येते. साडेपाचला ते जे काही दीर्घ श्वसन करतात, त्यात प्राणवायूबरोबर उरला-सिलतराचं अर्धं उत्पादन असतं.

बीरगांवच्या काळ्या धुळीबद्दल ज्यांना शंका असेल, त्यांनी इथल्या गच्चीवर अनवाणी दहा पावलं चालून स्वतःचे तळवे बघावेत. पांढरी चादर वाळत घातली तर संध्याकाळी राखाडी उतरते. या धुळीविरुद्ध वर्षानुवर्षं तक्रारी झाल्या, बातम्या आल्या. धूळ तिच्या जागी आहे.

आणि हीच धूळ बीरगांवच्या सगळ्यांत नियमित व्यायामाचं कारण आहे. काकू सकाळी झाडतात. दुपारी पुसतात. पाहुणे येणार असले तर संध्याकाळी पुन्हा झाडतात. श्रम मोजण्याची जी शास्त्रीय मोजपट्टी आहे, तिच्यावर केर काढणं आणि बेताच्या वेगानं चालणं जवळजवळ शेजारी बसतात. दोन्हींत शरीर विश्रांतीच्या सव्वातीन-साडेतीन पट ऊर्जा खर्च करतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करायला सांगते आणि तिच्या व्याख्येत घरकामही बसतं. काकांच्या व्याख्येत बसत नाही. ते फिरून आले की ‘जरा तूही हालचाल करत जा’ असं म्हणतात आणि पाय वर घेतात, कारण काकूंना खालची फरशी पुसायची असते.

‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते, बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२ टक्के. आकडा खोटा म्हणायचं कारण नाही. ऑफिस, गाडी, लिफ्ट, मोबाइल यांनी शहरातल्या बायकांचंही अंग जड केलंच आहे. फक्त हा आकडा डिसेंबरात बीरगांवातल्या गच्चीवर, बड्या घालण्याच्या दिवशी, मोठ्यानं वाचून दाखवू नये.

रखिया बडी हा इथला हिवाळी कुटिरोद्योग. रखिया म्हणजे आपला कोहळा. आदल्या रात्री उडदाची डाळ भिजत पडते. सकाळी ती धुऊन, सालं काढून वाटायची. पाच-सहा किलोचा कोहळा फोडून खिसायचा, आणि ही खिसणी सोपी नव्हे; खांद्यापासून मनगटापर्यंत हात भरून येतो. मग कीस आणि वाटलेली डाळ परातीत घेऊन फेटायची. किती फेटायची? वाटीभर पाण्यात थेंबभर पीठ टाकायचं. बुडालं तर फेटत राहा, तरंगलं तर झालं. बीरगांवातल्या मराठी वहिनी शेजारणीकडून हे शिकल्या आणि आता सांडग्यांइतक्याच सहज बड्या घालतात. उकिडवं बसून चादरीवर ओळीनं बड्या टाकत पुढे सरकणं, उठणं, पुन्हा बसणं, पुढची ओळ धरणं, हे कुठल्याही जिममध्ये ‘स्क्वॉट’ नावानं पैसे घेऊन करवून घेतात. वर पातळ कापड झाकायचं, नाहीतर बड्या काळ्या. ते कापड वाऱ्यानं उडतं. ते धरायला धावायचं, ही त्यातली धावण्याची शर्यत.

पुरुषांमध्ये खरा व्यायाम करणारे सकाळी फिरायला जातच नाहीत. ते सायकलवर असतात. आसपासच्या खेड्यांतून कामगार हँडलला डबा अडकवून पाळीवर येतात. रोलिंग मिलमध्ये लोखंडाचे ठोकळे तापवायच्या भट्टीत हजार-बाराशे अंश असतात. तिच्यासमोर पाळी काढून, घामानं निथळून माणूस बाहेर पडतो तो बारा अंशांत. टपरीवर चहा घेतो, गमछा कानांवरून बांधतो आणि पुन्हा पायडल मारू लागतो. त्याला फिटनेसबद्दल काही विचारलं तर तो आधी विचारणाऱ्याकडे आणि मग त्याच्या बुटांकडे बघतो.

आता प्रश्न उरतो तो दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या, टेबलावर काम करणाऱ्या, गोधडीतून पाय बाहेर काढायला कबूल नसलेल्या मधल्या वर्गाचा. त्याची सोय सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या राजानं केव्हाच करून ठेवली आहे. भवानराव पंतप्रतिनिधींचं संस्थान अवघं बहात्तर गावांचं, पण त्यांनी सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेले, स्वतः आयुष्यभर घातले आणि १९३८ मध्ये लंडनहून त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं तेव्हा साहेबालाही सतरंजी अंथरायला लावली. साधन लागत नाही, बाहेर जावं लागत नाही, एक सतरंजी पुरे. दहा-बारा नमस्कारांत अंग असं तापतं की पहिलं स्वेटर उतरतं. दुसरंही उतरलं असतं, पण तेवढ्यात चहा येतो.

कॅनडाच्या हवाई दलालाही हीच अडचण होती, फक्त थंडी खरी होती. दूरच्या तळांवरच्या वैमानिकांना बर्फात पळता येईना आणि व्यायामशाळा नाही. म्हणून १९५० च्या दशकात बिल ऑर्बन यांनी ‘फाइव्ह बीएक्स’ नावाची पाच व्यायामांची पद्धत बसवली: रोज अकरा मिनिटं, साधनाशिवाय, खोलीतल्या खोलीत. बायकांसाठीची वेगळी पद्धत बारा मिनिटांची. सैनिकांपुरती असलेली ही पुस्तिका पुढे जगभर खपली. उणे तीसमध्ये अकरा मिनिटं पुरत असतील, तर अधिक बारामध्ये ‘वेळ नाही, थंडी फार’ हे कारण हवाई दलापुढे टिकणार नाही. घरापुढे मात्र टिकतं, कारण घरात हवाई दलापेक्षा प्रेमळ माणसं असतात. ‘राहू द्या, सर्दी होईल,’ असं एकानं म्हणायचा अवकाश, की सतरंजीची गोधडी होते.

शेकोटीबद्दलही दोन शब्द हवेत, कारण बीरगांवात ती व्यायामाची प्रतिस्पर्धी आहे. छत्तीसगडी माणूस तिला भुर्री म्हणतो आणि घरातल्या मातीच्या शेगडीला गोरसी. चौकाचौकांत संध्याकाळी भुर्री पेटते आणि भोवती माणसं उकिडवी बसतात. हालचाल एवढीच की पुढून भाजलं की पाठ फिरवायची. वास्तविक थंडीत शरीराजवळ स्वतःचा हीटर असतो: हुडहुडी. जोरात थरथरताना स्नायू विश्रांतीच्या पाचपटीपर्यंत उष्णता तयार करू शकतात. भुर्रीवाले शरीराला ही संधीच देत नाहीत. तरी उघड्यावरची भुर्री एकवेळ चालेल. गोरसी किंवा कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत ठेवून झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि दर हिवाळ्यात त्यानं माणसं जातात. हे वाक्य विनोदी लेखातलं नाही.

थंडीत छत्तीसगड घराबाहेर काढता येतो, हे एकदा सिद्धही झालं आहे. ६ ऑक्टोबर २०२२ ला राज्यात ‘छत्तीसगढिया ऑलिंपिक’ सुरू झालं आणि गावपातळीपासून राज्यपातळीपर्यंत चढत जानेवारीत संपलं. विटीदांडू, लगोरी, गेडी म्हणजे बांबूच्या उंच पायांवरची शर्यत, गोट्या, भोवरा, रस्सीखेच, कबड्डी, खो-खो. चाळिशीवरच्यांचा वेगळा गट होता आणि त्यात लुगडं खोचून आज्या उतरल्या. फुगडीही होती, पण महाराष्ट्रातल्यासारखी हात धरून गिरकी नव्हे. इथे उकिडवं बसून पाय आलटून-पालटून पुढे-मागे फेकायचे. कोकणातल्या बसफुगडीची ही सख्खी बहीण. मिनिटभर करून बघितली, तर ट्रेडमिलवर अर्धा तास घालवणाऱ्यालाही धाप लागेल. बघताना आपल्याला जमेल असं वाटतं. करून पाहणाऱ्याला शेजाऱ्यांनी हात देऊन उठवावं लागतं.

त्याच्या आदल्या वर्षीच्या थंडीत बीरगांवात आणखी मोठा चालण्याचा कार्यक्रम झाला होता. २० डिसेंबर २०२१ ला महानगरपालिकेचं मतदान होतं. त्याआधी चाळीस वॉर्डांतले उमेदवार आणि त्यांचे कार्यकर्ते गल्लोगल्ली, जिने चढत-उतरत, दर दारात कमरेत वाकून, हात जोडून फिरत होते. वाकण्याच्या त्या संख्येनं औंधच्या राजालाही समाधान वाटलं असतं. बीरगांवच्या तब्येतीसाठी निवडणूक दर डिसेंबरला घ्यावी, अशी सूचना कुणी केली नाही हे आश्चर्य.

या सगळ्या काळात अमेरिकेतल्या मिनियापोलिसमधला भाचा व्हिडिओ कॉल करत असतो. तिकडे उणे वीस. शहरानं माणसांसाठी इमारतींना इमारती जोडणारे काचेचे बंदिस्त पूल बांधलेत, ‘स्कायवे’. सगळे मिळून पंधराएक किलोमीटर भरतात. भाचा दुपारी त्यातून शर्टावर फिरतो. काका माकडटोपीतून त्याला विचारतात, ‘थंडी आहे का रे?’ तो शर्टाची बाही वर करत म्हणतो, ‘थोडी आहे मामा.’ घरासमोरचा बर्फ फावड्यानं उपसायचं काम तेवढं त्याला स्वतः करावं लागतं, आणि ते साधं नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठा हिमवर्षाव झाल्यानंतर पुरुषांत हृदयविकाराच्या झटक्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि त्यात अंगाला सवय नसलेले एकदम जोराचे श्रम.

बीरगांवात उपसायला बर्फ नाही, पण गोधडीतून उठून थेट झपाझप चालणारे साठीचे गृहस्थ भरपूर आहेत. त्यांना हेच कारण लागू पडतं. बाहेर पडण्याआधी घरातच पाच-दहा मिनिटं हातपाय हलवावेत, कोमट पाणी प्यावं (थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी लागत नाही असं नाही), छातीत जड वाटलं तर ‘गॅस असेल’ म्हणून पुढचा चौक गाठू नये. आणि फिरून आल्यावर पोहे-जलेबीच्या ठेल्यापाशी थांबणार असाल, तर हिशेब असा: अर्धा तास चालून साधारण सव्वाशे ते दीडशे कॅलरी जातात. प्लेटमध्ये त्याहून जास्त परत येतात. ठेलेवाल्याला हा हिशेब पाठ आहे, म्हणून तो ट्रॅकसूटवाल्यांना जलेबीचं एक वेटोळं जास्त देतो.

राहता राहिली वेळ. साडेपाचची पहाट बीरगांवात सोडून द्यावी, यात आळशीपणा काही नाही. हिवाळ्यात दुपारी साडेतीन ते पाच या वेळात इथे ऊन असतं, धूर उंच गेलेला असतो आणि पारा पंचवीसच्या वर असतो. काकांनी तेव्हा निघावं. काकूंनाही बरोबर घ्यावं, पण त्यांना फिरायला वेळ मिळावा म्हणून त्या दिवशीची दुपारची फरशी काकांनीच पुसून ठेवावी. आणि माकडटोपी घरी ठेवावी. समोरून येणारा ओळखीचा आहे की नाही ते कळेल.